मेसेज कोणाच्या मोबाइलवर?

बँकेत नोकरी केली म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कधी दरोडा पडला होता का, आणि आमचं कर्जाचं काम होईल का. माझ्या शाखांमध्ये दरोडा कधी पडला नाही. इंदूरला राजवाड्याजवळच्या शाखेत एकदा एक गाय शिरली होती. ती थेट मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेली आणि पंख्याखाली निवांत उभी राहिली, एवढाच काय तो हल्ला. कर्जाचं काम आता माझ्या हातात नाही, कारण गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. तेव्हा ज्यांना याच दोन विषयांत रस आहे त्यांनी पान उलटलं तरी मी रागावणार नाही.

मला सांगायचं आहे ते बँकेतल्या सगळ्यात कमी मानाच्या कामाबद्दल. ते म्हणजे विद्यार्थ्यांची खाती उघडणं. नोकरीची शेवटची काही वर्षं मी शहराबाहेर, सिमरोलच्या शाखेत होते. एका बाजूला सोयाबीनची शेतं, दुसऱ्या बाजूला इंजिनिअरिंगच्या मोठ्या संस्थेचं आवार आणि मध्ये आमची छोटीशी शाखा. बदलीचा आदेश आला तेव्हा मी तोंड पाडून घरी गेले होते. भर बाजारात व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या उलाढाली हाताळलेल्या बाईने आता पोराटोरांची झीरो बॅलन्सची खाती उघडायची! मॅनेजर समजूत घालत म्हणाले, "मॅडम, आरामाचं पोस्टिंग आहे." ते साफ खोटं निघालं. पण पहिला हंगाम संपेपर्यंत मी त्या कामाच्या प्रेमात पडले होते, हेही खरंच.

हंगाम म्हणजे प्रवेशाचे दिवस. देशभरातून मुलं येत, सोबत आईवडील, बॅगा, उशा, बादल्या. संस्थेच्या हॉलमध्ये सगळ्या बँका ओळीने टेबलं मांडून बसत. एक बँक पाठीवरची बॅग द्यायची, दुसरी स्टीलची बाटली. आम्ही कॅलेंडर देत असू, तेही चालू वर्षाचं, म्हणजे निम्मं संपलेलं. साहजिकच गर्दी बॅगेकडे व्हायची आणि आमच्या टेबलाशी वयस्कर आईवडील टेकायला यायचे, कारण आमच्याकडे खुर्च्या रिकाम्या असत.

बाहेरच्यांना वाटतं, खातं म्हणजे खातं, त्यात निवडायचं काय? तेव्हा थोडक्यात सांगते. व्याजाकडे पाहून विद्यार्थ्याने खातं निवडू नये. त्याच्या खात्यात पैसे टिकतात किती, की त्यांना व्याज लागावं! पाहायचं ते हे की शिल्लक शून्यावर आली तर दंड बसतो का, कार्डाचे आणि मेसेजचे वर्षाला किती कापतात, आणि शिक्षण संपलं की या खात्याचं पुढे काय होतं. शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही. विद्यार्थ्याचं खातं काही वर्षांनी गुपचूप साधं बचत खातं बनतं, त्याला साध्या खात्याचे नियम लागतात, आणि तोवर मुलगा बंगळूरला किंवा पुण्याला नोकरीला लागून ते खातं विसरलेला असतो. शाखा किती लांब आहे हेही पाहावं. मोबाइलवर सगळं होतं असं म्हणतात, पण कार्ड अडकलं की पाय बँकेकडेच वळतात.

एक पठ्ठ्या असा भेटला, की त्याने सगळ्या टेबलांवर खाती उघडली होती. बॅगही मिळाली, बाटलीही मिळाली, आमचं कॅलेंडरसुद्धा त्याने सोडलं नाही. प्रत्येक टेबलावर त्याने आधार जोडायला होकार दिला होता. सरकारी शिष्यवृत्ती ज्या खात्याला आधार शेवटी जोडलेलं असतं तिथे जाते, हे त्याच्या गावीही नव्हतं. पैसे आले नाहीत म्हणून तो माझ्याशी भांडायला आला. आम्ही शोध घेतला, तर पैसे केव्हाच बाटलीवाल्या बँकेत जाऊन बसले होते. मला म्हणाला, "आंटी, बोतल तो लीक भी होती है." मी त्याला चहा पाजला.

मला भुरळ पडली ती मात्र या हिशोबाची नव्हे, सहीची. अठरा वर्षांच्या मुलाची सही ठरलेली नसते. आजवर कोणी त्याच्याकडे ती मागितलेलीच नसते. सगळीकडे आईबाप सही करत आलेले असतात. मी फॉर्मवरची चौकट दाखवून म्हणायची, "इथे सही." मूल आधी आईकडे बघायचं, मग बापाकडे, मग पेनाकडे. कोणी विचारायचं, "हिंदीत करू की इंग्लिशमध्ये?" कोणी शाळेतल्यासारखं पूर्ण नाव सुवाच्य लिहायचं. मग पेन टेकायचं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक सही जन्माला यायची. हा माणूस पुढे घर घेईल, लग्नाच्या नोंदणीवर, राजीनाम्यावर, मुलांच्या दाखल्यावर हीच सही करेल, आणि ती पहिल्यांदा उमटली ती माझ्या काउंटरवर. दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्या शाखेतली तरुण पोरं हसायची मला. आता घरबसल्या मोबाइलवर खातं उघडतं, सही करताना कोणी कोणाला पाहत नाही, आणि सोय झाली हे कबूल करूनही मला त्याचं वाईट वाटतं.

एकदा तर गंमतच झाली. महूचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. वडील निवृत्त सुभेदार, ताठ उभे. मी "इथे सही" म्हणताच पोराने अजिबात न अडखळता झोकदार सही ठोकली. अशी सराईत सही मी त्या हंगामात पाहिली नव्हती. वडील वाकले, बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर माझी सही आहे." पोराच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षं हात बसला होता ना! सुभेदारसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि म्हणाले, "नवीन फॉर्म द्या, मॅडम. आता स्वतःची कर." बाहेर गेल्यावर काय झालं ते मला ठाऊक नाही.

पण ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले ते सोनटक्के आणि त्यांची सानिका.

निवृत्तीच्या आधीच्या हंगामातली गोष्ट. हॉलमधली टेबलं उठून गेली होती, वर्ग सुरू व्हायचे होते. एक गृहस्थ मुलीला घेऊन शाखेत आले. बुटके, गोल चेहऱ्याचे, शर्टाच्या खिशात मोबाइल आणि अंगाला हळदीचा वास. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"नमस्ते मॅडमजी. मी सोनटक्के. सियागंजात मसाल्याच्या फर्मवर परचेसला आहे. ही माझी मुलगी, सानिका. कॉम्प्युटरला नंबर लागला हिचा. खातं खोलायचं आहे. भाव बोला."

"कसला भाव?"

"व्याजाचा, मॅडम. आणि काय काय कटून राहिलं तेपण आजच बोलून टाका. नंतरची किटकिट नको."

मी व्याजाचा दर सांगितला आणि म्हटलं, हा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो.

"ऐसा कैसे? हळदपण दोन दुकानांत सेम भावाने नाही मिळत. चला, मेसेजचा चार्ज तरी माफ करून टाका."

"ते माझ्या हातात नाही, सोनटक्केजी."

"मग कोणाच्या हातात आहे? त्यांच्याशी बोलतो."

मी कपाळाला हात लावला. सानिका खाली मान घालून हसत होती. उंच, सडपातळ मुलगी, वडिलांच्या दोन वाक्यांच्या मधे एक शब्द बसवायलाही तिला जागा मिळत नव्हती. सोनटक्क्यांनी सगळी माहिती विचारून घेतली, माझे आभार मानले आणि उठले. मी फॉर्म पुढे केला, तर म्हणाले, "आत्ता नाही. आमच्या धंद्यात पहिल्या दुकानी माल घेत नाहीत. पूर्ण मार्केट घूमायचं, मग घ्यायचं."

आणि हा माणूस खरोखर पूर्ण मार्केट फिरला. सकाळी पेढीवर जायच्या आधी आणि दुपारच्या सुट्टीत, स्कूटरवर, इंदूरपासून सिमरोलपर्यंत. मधूनमधून आमच्याकडे येऊन तो बाजाराची खबर द्यायचा. अमक्या बँकेत जेवणाच्या वेळेला काउंटरवर कोणी नसतं. तमक्या बँकेचा कस्टमर केअर गाणंच वाजवत राहतो. एका बँकेतलं नमुन्याचं कार्ड त्यांनी हातात घेऊन वाकवून पाहिलं होतं आणि प्लास्टिक हलकं म्हणून ती बँक बाद केली होती. त्यावर मी हसले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "चार वर्षं चालायला पाहिजे ना, मॅडम." कोर्स संपल्यावर खात्याचं काय होतं, हे मी सांगायच्या आधी त्यांनी कुठूनतरी काढून आणलं होतं आणि मलाच उलट विचारलं. त्यांचे निम्मे प्रश्न बिनकामाचे होते, पण एका मुलीच्या रिकाम्या खात्यासाठी कोणी इतकी पायपीट केलेली मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. करोडोंची ठेव ठेवणारे शेठ यापेक्षा कमी चौकशी करतात. मी मनातून त्यांच्यापुढे हात टेकले होते.

या सगळ्यात सानिकाने मला एकच प्रश्न विचारला. वडील फोन आला म्हणून बाहेर गेले होते, तेवढ्यात ती पुढे झुकली.

"आंटी, पैसे खर्च झाले की मेसेज कोणाच्या मोबाइलवर जातो?"

"फॉर्मवर जो नंबर असेल त्याच्यावर."

"फक्त त्याच्यावरच? ओटीपीपण?"

"ओटीपीपण."

"सगळ्या बँकांत असंच?"

मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा मागे टेकून बसली. सोनटक्के आख्खा बाजार पालथा घालत होते आणि तिची तुलना एवढ्यात संपली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या इंदूरच्या घरांमध्ये मोबाइल चार असले तरी कागदोपत्री नंबर एकच असतो, तो म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचा. गॅस सिलिंडर त्याच्या नंबरावर, आजीचं पेन्शन त्याच्या नंबरावर, बायकोचं खातं, पोरांची शाळा, विजेचं बिल, सगळं त्याच्याच खिशात वाजतं. मी अशी घरं पाहिली आहेत, की आजींना स्वतःचे पैसे काढायला ओटीपी हवा आणि मुलगा उज्जैनला लग्नात नाचतोय. तो नंबर रिचार्ज करायचा राहिला तर आख्खं कुटुंब एका दमात बँकेबाहेर! यात कोणाला काही वावगं वाटत नाही. उलट कर्त्या पुरुषाला त्या टुंगटुंगीचा मोठा अभिमान असतो.

शेवटी सोनटक्के एका सोमवारी मुलीला घेऊन आले आणि जाहीर केलं, "मॅडम, घूमफिरून तुमच्याकडेच आलो. सरकारी आहे, जवळ आहे आणि तुम्ही खरं बोलता. द्या फॉर्म." मला खरंच बरं वाटलं. सानिकाला मेरिटची स्कॉलरशिप मिळणार होती. तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्याचा नंबर संस्थेला त्याच शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार. त्या पैशावर तिचं हॉस्टेल आणि मेस चालायची होती. पेढीवरच्या पगारात हे ओढाताणीनेही जमलं नसतं, हे सोनटक्क्यांनीच मला सांगितलं होतं.

सानिका फॉर्म भरू लागली. नाव, पत्ता, जन्मतारीख. मोबाइल नंबरचा रकाना आला. सोनटक्क्यांनी सवयीने एका दमात आपले दहा आकडे म्हणून टाकले. सानिकाचं पेन थांबलं.

"लिही ना," ते म्हणाले.

"बाबा, मी माझा नंबर टाकते."

"तुझा? तुझा का बरं?"

"खातं माझं आहे म्हणून."

सोनटक्के हसले. त्यांना वाटलं, ती चेष्टा करते आहे. मग तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं.

"मतलब, माझ्यापासून काय लपवायचं आहे तुला?"

"लपवायचं काहीच नाही. पण मी कॅन्टीनमध्ये कचोरी खाल्ली तरी तुमच्या खिशात वाजणार. मैत्रिणीला पैसे दिले तरी वाजणार. मला प्रत्येक वेळी सांगत बसायचं नाहीये, बाबा."

"मी कुठे विचारणार आहे?"

"तुम्ही विचाराल."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, दोन्ही टाका ना. आधा-आधा."

"सिस्टीम एकच नंबर घेते, सोनटक्केजी. आणि सानिका आता सज्ञान आहे. खातेदार ती, तेव्हा नंबरही तिचाच."

मी नियम सांगितला, नियमाच्याच आवाजात. जणू मी हळदीत काहीतरी मिसळताना पकडली गेले होते, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांची आमची दोस्ती त्या एका वाक्याने संपली. "मग राहू द्या," ते उठत म्हणाले, "मार्केट मोठं आहे." सानिकाने अर्धा भरलेला फॉर्म नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि ती त्यांच्यामागे गेली.

बुधवारी सानिका एकटी आली. तिच्याकडूनच मला पुढचं कळलं. सोनटक्के तिला आणखी एका बँकेत घेऊन गेले होते. तिथला तरुण हसतमुखाने म्हणाला होता, "पापा का नंबर डाल देंगे अंकल, कोई दिक्कत नहीं." त्याने फॉर्म भरला, सही करायला पेन पुढे केलं आणि सानिकाने हात मागे घेतला. ती भांडली नाही, रडली नाही, फक्त सही केली नाही. घरी कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"कागद आणलेस का?" मी विचारलं.

"हो."

"मग हे बघ. तू अठराची आहेस. तुझं खातं उघडायला मला बाबांची गरज नाही. आत्ता उघडून देते, उद्या नंबर संस्थेत देऊन टाक. शुक्रवार परवावर येऊन ठेपलाय."

मला वाटलं, ती याचसाठी आली आहे. तिने नाही म्हणून मान हलवली.

"आंटी, एकटीने खोलायचं असतं तर मी मोबाइलवर कधीच खोललं असतं. ते किती घूमले तुम्ही पाहिलं ना? ते घूमले आणि मी पाठीमागून खोलून टाकू?"

"मग त्यांचा नंबर टाक."

"तोपण नाही टाकणार."

"आणि शुक्रवारी?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा कापला.

या वयात मी काय होते ते मला आठवत होतं. माझं पहिलं खातं वडिलांनी उघडलं, कुठे ते मला नोकरी लागल्यावर कळलं. आणि ही पोरगी, हातातून स्कॉलरशिप निसटायची वेळ आली तरी, ना स्वतःला सोडायला तयार होती ना बापाला. दोघांना घेऊनच तिला खातं उघडायचं होतं. थक्क होणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. "उद्या एकदा त्यांच्याशी बोल," असं काहीतरी मी पुटपुटले.

गुरुवारी सोनटक्के आले, एकटेच. भाव नाही, बाजाराची खबर नाही. समोर बसले आणि खिशातला मोबाइल काढून काउंटरवर उपडा ठेवला. मी म्हटलं, "नियम तोच आहे, सोनटक्केजी."

"मी नियमासाठी नाही आलो, मॅडम. एक विचारायचं होतं. तिच्या नंबरवर मेसेज गेला, तर ती जेवली का नाही, ते मला कसं कळणार?"

मला आधी नीट समजलंच नाही.

"म्हणजे असं आहे, मेसमधलं तिला नाही आवडणार. मला माहीत आहे. ती कॅन्टीनला खाईल, मोबाइलने पैसे देईल. मला मेसेज आला की मी समजून जाईन, हां, जेवली. बस एवढंच. मी विचारणार नव्हतो तिला, शपथ. मला फक्त कळलं असतं."

"फोन करेल ना ती घरी?"

"करेल ना. आईला करणार. रोज करणार. आत्तापण कुठे गावाला गेली की आईशी एक एक घंटा बोलते. मग आई मला सांगते, सानू ठीक आहे. मी विचारतो, आणखी काय म्हणाली? आई म्हणते, काही नाही. एक घंटा बोलून काही नाही! मी फोन घेतला तर म्हणते, बाबा, कसे आहात, घ्या, आईला द्या." ते हसले, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. "मेसेज आला असता तर डायरेक्ट मला आला असता, मॅडम. मधे कोणी नाही."

मी इतकी वर्षं लोकांच्या मोबाइलवर मेसेज पाठवणाऱ्या बँकेत होते. एवढे रुपये गेले, एवढे आले, शिल्लक एवढी. त्या कोरड्या ओळीत कोणी आपली लेक शोधत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. आणि बँकेतल्या बाईला काउंटरवर भरून येऊन चालत नाही, म्हणून मी पुन्हा कामाचंच बोलले.

"सोनटक्केजी, मेसेजमध्ये एवढंच येतं, की इतके रुपये गेले. जेवली की नाही, ते त्यात येत नाही. तिने त्या पैशाचं पेन घेतलं तरी तुम्ही समजाल, जेवली."

ते मग म्हणाले, "पण काहीतरी तर येतं ना."

त्यांनी पाणी मागितलं, पेलाभर प्यायले, मोबाइल उचलून खिशात टाकला आणि गेले. ते हो म्हणून गेले की नाही म्हणून, मला काही उलगडा झाला नाही. त्या रात्री घरी मी पोळ्या करपवल्या.

शुक्रवारी सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला मान वर. जेवणाची सुट्टी झाली, मी डबा उघडलाही नाही. शाखेतली पोरं विचारत होती, मॅडम, इन्स्पेक्शन आहे का? आणि मग दोघं आले. पुढे सोनटक्के, मागे सानिका. तिच्या पिशवीतून तोच घडी केलेला फॉर्म निघाला. ती बसली, ते उभेच राहिले. मोबाइल नंबरचा रकाना अजून कोराच होता. सानिकाने पेन हातात घेतलं, पण रकान्यावर टेकवलं नाही. ती वडिलांकडे बघेना आणि माझ्याकडेही.

"लिही," सोनटक्के म्हणाले, आणि त्यांनी नंबर सांगायला सुरुवात केली. या वेळी एका दमात नाही. डोळे मिटून, एक एक आकडा, मधे अडखळत, एकदा मागे जाऊन दुरुस्त करत. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला सानिकाने मान वर केली. तो तिचा नंबर होता.

"तुम्हाला पाठ आहे?" ती म्हणाली.

"काल केला."

मी आजकाल कोणाला कोणाचा नंबर पाठ असलेला पाहत नाही. माझ्या मुलाचा मला नाही. हा माणूस रात्री सियागंजातून घरी गेला आणि बसून मुलीचा नंबर पाठ करत राहिला, का, तर ज्या रकान्यात आपला नंबर राहणार नाही तो रकाना निदान आपण भरून द्यावा. बँकेत मी तिजोऱ्या पाहिल्या, मोठे लोक पाहिले, पण इतकं मोठं काही माझ्या काउंटरवर कोणी ठेवलं नव्हतं. सानिकाने भराभर आकडे लिहिले. तिचं अक्षर बिघडलं होतं.

सही तिने तीनदा हवेत गिरवून पाहिली आणि मग केली. आडनावाच्या शेवटी एक लांब रेघ. मी कधी नव्हे ते सगळी कामं बाजूला सारून ते खातं तिथल्या तिथे उघडायला घेतलं. खाते क्रमांक आला, तिने तो मोबाइलवरच संस्थेच्या वेबसाइटवर भरला आणि लगेच पाठवूनही दिला. उद्घाटनाचे म्हणून सोनटक्क्यांनी थोडे रुपये जमा करायला दिले. ते मी खात्यात घेतले आणि पासबुक छपाईला लावलं.

तेवढ्यात टुंग वाजलं.

सोनटक्क्यांचा हात झटकन शर्टाच्या खिशाकडे गेला. मोबाइल बाहेर आला, त्यांनी डोळ्यांसमोर धरला. पडदा काळाच होता. शेजारी सानिका आपला मोबाइल हातात घेऊन आलेला मेसेज वाचत होती. तिने वर पाहिलं आणि वडिलांच्या हातातला तो मोबाइल तिला दिसला. सोनटक्क्यांनी मोबाइल हळूच परत खिशात सरकवला आणि आजवर त्या घरात बहुधा फक्त आईच विचारत असेल ते त्यांनी विचारलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही, बाबा."

"काहीच नाही?"

"भीती वाटत होती," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मीपण नाही."

ती उठली. दोघं दाराकडे निघाले आणि काचेबाहेर स्कूटरशी उभं राहून काहीतरी बोलत राहिले, बराच वेळ. तिचं पासबुक माझ्या हातात राहिलं होतं. मी हाक मारली नाही.